पाय माझ्याकडे होता

२७ फेब्रुवारी १९७९, मंगळवार

शेवटची सिगारेट संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे जुन्या तळ्याच्या, काठावर बसून. चारमिनार. शेवटचा झुरका इतका लांब ओढला की बोट भाजलं.

कारण लिहून ठेवतो. बाबाच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडलाय. महिनाभर तो सांगत होता, केळीचा घड पडला म्हणून. काल वसईच्या डॉक्टरने त्याचा पाय हातात घेतला, घोट्याजवळ नाडी शोधली आणि शोधतच राहिला. मग म्हणाला, "प्लासिडभाऊ, पायाच्या नसा आतून बुजत चालल्यात. विडीनं. विडी ठेवा नाहीतर पाय ठेवा. दोन्ही राहणार नाहीत."

बाबाने एवढंच विचारलं, "वाडीत जाऊ ना?"

आज इंत्रुज. उद्या राखेचा बुधवार, उपासकाळ सुरू, म्हणून आज पोटभर डुकराचं मटण. जेवल्यावर चिठ्ठ्या. आमच्या घरातली ही पद्धत आजोबांपासूनची. उपासात प्रत्येकाने काहीतरी सोडायचं, पण स्वतःसाठी नाही, घरातल्या दुसऱ्या कोणासाठी तरी. काय सोडलं आणि कोणासाठी, ते चिठ्ठीवर लिहून आल्तारावरच्या, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यावरच्या, मरियामातेच्या मूर्तीखाली सरकवायचं. ईस्टरच्या सकाळी उघडायच्या. तोपर्यंत कोणी कोणाची बघायची नाही.

देवाचं आणि माझं सेकंड इयरला बिनसलं. तरी लिहिली. "सिगारेट. बाबाच्या पायासाठी." आणि नियम मोडून मोठ्याने वाचली, म्हणजे बाबाला जोर येईल.

बाबाचा चेहरा एकदम सुटला. म्हणाला, "मग झालं. पायाचं तुझ्याकडे. मी तुझं बघतो." आणि पाठ फिरवून आपली चिठ्ठी लिहायला बसला. चौथी पास माणूस. एका ओळीला दहा मिनिटं.

आईने त्याचं विड्यांचं बंडल चुलीत टाकलं. बाबा बघत होता. 

(घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे घरच्या सगळ्यांना सरळ करून लिहितोय. नाहीतर माझा मित्र हिलरी म्हणेल, आता तूही प्रादेशिक रंग भरायला लागलास.)

१ मार्च, गुरुवार

तलफ ही भूक नाही. भूक पोटात असते. तलफ हातात असते. उजव्या हाताची दोन बोटं दिवसभर कोणाची तरी वाट बघत असतात.

शाळेत सहावी ब ला भूगोल शिकवताना खडू तोंडात घातला. पोरं खूश.

घरी टेबलाशी बसलो. वाक्य येत नाही. पूर्वी वाक्य अडलं की काडी ओढायची. काडीच्या उजेडात पुढचा शब्द दिसायचा. आता शब्द अडतो आणि मी पण अडतो. दोघं एकमेकांकडे बघत बसतो.

आईने लवंग दिली. म्हणाली, "तलफ आली की दहा नमो मरिये म्हण. संपेपर्यंत जाते." मी घड्याळ लावून बघितलं. नमो मरिये दहा, तीन मिनिटं. तलफ, सात मिनिटं. म्हणजे देवाला चार मिनिटं कमी पडतात.

३ मार्च, शनिवार

हिलरी सायकलवर आला. त्याच्या अनियतकालिकाचा पुढचा अंक म्हणजे फक्त माझी कादंबरी. सगळा अंक. पूर्णविराम नसलेली साठ पानं, ईस्टरनंतर लगेच सायक्लोस्टाइल करायची. आज माझ्याकडे अकरा पानं आहेत, तीही फेब्रुवारीतली.

अंगणात बसून त्याने माझ्या देखत पेटवली. "घे."

"सोडली."

"कोणासाठी? मुलगी?"

"बाबासाठी."

"अरे बापरे. म्हणजे आता पॅरिशच्या पत्रकात लिहिणार तू. 'माझे प्रायश्चित्त', लेखक फ्रेडरिक."

बाबा ओट्यावर बसला होता, डावा पाय खाली लोंबता सोडून. तसा सोडला की ठणका कमी होतो म्हणे. तिथून ओरडला, "हिलरी, त्याला देऊ नको रे! त्याच्यावर माझा पाय उभा आहे."

हिलरी हसत सुटला. "काका, उभा पाय पहिल्यांदा ऐकला."

आईने चहा आणला. बाबाने कप परत केला. दिवसाला आठ कप पिणारा माणूस. गोळ्यांनी तोंड कडू झालं असेल. विडी सुटल्यावर चहाही नकोसा होत असेल. माझं उलट. मी त्याचा कप पण प्यायलो.

४ मार्च, रविवार

चर्चमध्ये मिस्सेत बसल्या बसल्या कॅलेंडर मोजलं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत सेहेचाळीस दिवस होतात. उपास चाळीस दिवसांचा. उरलेले सहा कुठे गेले? रविवार. रविवार उपासात धरत नाहीत.

नुसतं लिहून ठेवतो. करत नाहीये काही.

७ मार्च

नाही.

नाही.

दोन लवंगा, पेरूच्या झाडाची काडी, चिंचोके, शाळेतला खडू, नाही.

९ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी आई चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला गेली. बाबा घरीच. त्याच्याशी बोलायला बसलो. चाळीस वर्षं विडी ओढलेला माणूस, दहा दिवसांत सोडली आणि चेहऱ्यावर काही नाही! मी भिंतीला डोकं आपटतोय आणि हा केळीच्या सोपाचे दोर वळतोय.

विचारलं, "बाबा, तुला होत नाही काही?"

"होतं की. सकाळी उठल्यावर डोकं धरतं."

"मग काय करतोस?"

"तुझं पुस्तक आठवतो."

माझं पुस्तक! त्याने माझी एक ओळ वाचलेली नाही. मागच्या अंकातली माझी कविता बघून म्हणाला होता, शब्द सांडलेत काय रे कागदावर.

"किती झालं?" त्याने विचारलं.

"होतंय."

"माझ्या पायाची काळजी करत बसू नको. तुझ्याकडे दिलाय म्हणजे मी निर्धास्त."

असा माणूस. मला लाज वाटली.

११ मार्च, रविवार

आगाशीला जाऊन एक पाकीट आणलं. एकच ओढली, बावखलाच्या पलीकडे. पहिल्या झुरक्याला डोकं फिरलं, दुसऱ्याला वाक्य आलं. घरी येऊन सलग चार पानं. चार! थांबलोच नाही.

रविवार धरत नाहीत. नियमात बसतं.

उरलेली नऊ केळीच्या सुक्या पाल्यात लपवली. पुढच्या रविवारपर्यंत हात लावायचा नाही.

१७ मार्च, शनिवार

रविवारची मिस्सा आता शनिवारी संध्याकाळीही चालते. फादर स्वतःच सांगतात. म्हणजे रविवार शनिवारी संध्याकाळी सुरू होतो. तीन ओढल्या. सहा पानं.

१९ मार्च, सोमवार

संत योसेफाचा सण. सणाला उपास नसतो. काल रविवारच्या चार, आज दोन.

बाबाचा अंगठा होता तसाच. काळा भाग वाढलेला नाही असं मला वाटतं. आईला वाटतं थोडा वाढलाय, पण ती बोलली नाही. या उपासात ती काहीच बोलत नाही. एरवी दारातच पकडायची. कुठे होतास, कोण होतं, काय खाल्लंस, तोंडाला कसला वास. आता मी येतो, ती बघते, ताट वाढते. मला बरं वाटतंय. लिहिणाऱ्या माणसाला असंच घर पाहिजे.

२० मार्च, मंगळवार

आज मंगळवार आहे. कुठलाही सण नाही. पाकीट संपलंय.

पंपाच्या खोपीत धर्माकाका होता. खाडीकडच्या गावचा, वीस वर्षं आमच्या वाडीत काम करतोय. तंबाखू मळत बसला होता. त्याच्या डबीत तंबाखू आणि चुना, बाकी व्यसन नाही. त्याला म्हटलं, "काका, एखादी विडी मिळेल का कुठे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "मास्तर, तू सोडलीस ना?"

"एकच. लिहायला पायजे. कोणाला सांगू नको."

"कोनाला सांगनार मी?" त्याने कमरेच्या फडक्यातून बंडल काढलं आणि एक विडी दिली. मग जरा थांबून अजून एक दिली. "काय घर आहे," म्हणाला, आणि पाणी सोडायला निघून गेला.

विडी चारमिनारपेक्षा कडक. घसा सोलला. पाच पानं.

२६ मार्च, सोमवार

रोज दोन. धर्माकाकाकडून. तो देतो, तोंड दुसरीकडे करून.

स्वतःला असं समजावलंय. पाय वाचणार तो बाबाने विडी सोडल्यामुळे. माझ्या सिगारेटचा आणि त्याच्या नसांचा शास्त्राप्रमाणे काय संबंध? माझी चिठ्ठी हे नाटक होतं, त्याला धीर द्यायला. तो धीर त्याने घेतला. काम झालं. आता मी ओढली काय, न ओढली काय.

हे वाक्य तीनदा वाचलं. तीनदा पटलं. तरी हात गार आहेत.

खोपीच्या मागे थोटकं पडलीत, पंधरावीस. मी एवढी कधी ओढली? उचलून बावखलात टाकली.

२९ मार्च, गुरुवार

अंगठ्याशेजारचं बोट पण काळं. डॉक्टरने पट्टी सोडली तसा वास आला. डॉक्टरने बाबाला सरळ विचारलं, "विडी?"

बाबा माझ्याकडे बघून हसला. "पोराला विचारा."

मी म्हटलं, "बंद आहे, डॉक्टर. राखेच्या बुधवारपासून."

मी त्याच्याबद्दल बोललो होतो. बाबाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तळहात जड होता.

डॉक्टर म्हणाला, "मग असं व्हायला नको होतं." आणि मुंबईच्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहून दिली. बाबा म्हणतो ईस्टर होऊ दे, मग जाऊ. "चाळीस दिवस पुरे होऊ देत. मधेच कसं?"

त्याला काय वाटतं, चाळिसाव्या दिवशी अंगठा गोरा होईल?

३ एप्रिल, मंगळवार

बेचाळीस पानं. त्यातली अर्धी वाचली. धूर आहे. चांगल्या वाक्यात लपवलेला धूर. हिलरी खूश होईल.

चार विड्या.

बाबा रोज दुपारी काठी टेकत वाडीत जातो. दोन तास. नको म्हटलं तर म्हणतो, केळींना माझी सवय आहे. येताना पेरूचा पाला चघळत येतो. मी पण तोच चघळतो. बाप-लेकाच्या सवयी जुळायला लागल्या, असं आईला म्हटलं. ती भांडी घासत राहिली.

८ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

आज चर्चमधून झावळ्या घेऊन आलो तर बाबा ओट्यावर पडला होता. ताप. पाय घोट्यापर्यंत निळा. हिलरीने वसईहून टॅक्सी आणली. मुंबई.

टॅक्सीत बाबाचं डोकं माझ्या मांडीवर. तापात बडबडत होता, "झावळी क्रूसाला लाव. चिठ्ठ्या हलवू नका."

९ एप्रिल, सोमवार

गुडघ्याच्या खाली कापला. सकाळी अकराला. दीड तास.

मोठा डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, "विडी सोडली असती तर वाचवता आला असता."

मी म्हटलं, "सोडली होती. सहा आठवडे झाले."

त्याने मला आत नेलं. बाबा गुंगीत होता. डॉक्टरने चादरीखालून त्याचा उजवा हात काढला आणि दोन बोटं दाखवली. पिवळी. ताजी पिवळी. नखापर्यंत. मग तो माझ्या हाताकडे बघायला लागला. मी हात खिशात घातला.

१० एप्रिल, मंगळवार

कपडे न्यायला घरी आलो. वाडीत गेलो. धर्माकाका केळींना पाणी देत होता.

"बाबाला विड्या कोण आणून देत होतं?"

"मी."

"तू? त्याच्या पायाचं माहीत असून?"

"मी दोनदा नाय बोललो. भाऊ बोलले, तू आन, बाकीचं पोरगा बघतोय. तुला सांगायचं नाय, तुझ्या आईला सांगायचं नाय."

"मग मला सांगायचं ना!"

त्याने खोरं जमिनीत रुतवलं. "आनि तू काय बोललास? कोनाला सांगू नको. एकाच बंडलातून दोघांना देत होतो मी. तो दुपारी यायचा, तू शाळा सुटल्यावर. तुझ्यासाठी मी भाऊंना खोटा बोललो, भाऊंसाठी तुला. कोनाचं ऐकायचं मी?"

थोटकं पंधरावीस होती. आता कळलं.

चिडलोय मी. चिठ्ठी लिहिली, मूर्तीखाली ठेवली, आणि मोडली. चाळीस दिवस माझ्यासमोर साधू बनून दोर वळत बसला. आणि मी त्याला मोठा समजून स्वतःला खात होतो. निदान माझ्याकडे रविवार तरी होते.

हे लिहिताना तिसरी पेटवली आहे.

१३ एप्रिल, गुड फ्रायडे

वॉर्डमध्ये दुपारी तीनला सगळे ख्रिश्चन पेशंट गप्प. बाबा पण. मी त्याच्याशी चार दिवसांत कामापुरतं बोललोय. तो विचारतो, "जेवलास?" मी "हो" म्हणतो.

त्याची नजर पाय होता तिथे जात नाही. माझ्याकडे येते. ते मला जास्त जड जातं.

आई म्हणाली, "रविवारी येताना चिठ्ठ्या घेऊन ये. माणसं जिथे तिथे उघडायच्या."

"कशाला आता?"

ती थर्मासचं झाकण घट्ट करत राहिली.

१५ एप्रिल, ईस्टर

सगळं लिहितो. जसं झालं तसं. पूर्णविराम देऊन.

सकाळी मूर्तीखालून तीन चिठ्ठ्या काढल्या. उघडल्या नाहीत. ठरवलं होतं की बाबाची चिठ्ठी त्याच्यासमोर मोठ्याने वाचायची. 'विडी' हा शब्द त्याला माझ्या तोंडून ऐकवायचा. एवढा राग होता.

वॉर्डमध्ये आईने उकडलेली अंडी आणि पाव आणला होता. बाबा उशीला टेकून बसला होता, दाढी केलेली. घरात वाचायचं काम नेहमी धाकट्याचं, म्हणजे माझं.

पहिली आईची. "खोदून विचारणं. दोघांना शांती मिळावी म्हणून."

बाबा हसला. "म्हणून गप्प होतीस काय! मला वाटलं देव पावला."

आई हसली नाही.

दुसरी बाबाची. अक्षर लहान मुलाचं, वेडंवाकडं. ओळ कागदाच्या कडेवरून खाली उतरलेली. मी वाचायला तोंड उघडलं.

"चहा. फ्रेडीचं पुस्तक लिहून व्हावं म्हणून."

मी परत वाचली. मनात. विडी हा शब्द कुठे नव्हता. मागे उलटून बघितलं. मागे काही नव्हतं.

"चहा?" मी म्हटलं.

"एक घोट नाही घेतला," बाबा म्हणाला. "आजच्या सकाळपर्यंत. इथल्या नर्सनं पण दोनदा आणला. विचार तुझ्या आईला."

"आणि विडी?"

"विडी तू सोडलीस ना?" तो मला समजावून सांगत होता, लहान पोराला सांगावं तसं. "पायाचं तुझ्याकडे होतं. मी त्याच दिवशी बोललो. मला नसती सुटली रे. चाळीस वर्षांची. सोडून परत धरली असती तर देवाला फसवल्यासारखं. म्हटलं, जे पाळता येईल ते लिहावं. आणि तू लिहिलंस सिगारेट, तेव्हा वाटलं, पोरानं माझं ओझं उचललं. माझ्याऐवजी हा सोडतोय."

 शेजारच्या खाटेवरचा म्हातारा अंडं सोलत होता.

"पाय गेला म्हणून मनाला लावून घेऊ नको," बाबा म्हणाला. "मी ओढतच होतो, तू एकटा किती ओढून धरणार? डॉक्टर काल बोलला, उजव्यात अजून नाडी लागते. दोन्ही जायचे होते. तू पाळलंस म्हणून एकावर भागलं."

तिसरी चिठ्ठी माझी. वाचायची गरज नव्हती. सगळ्यांना माहीत होती. मी ती वाचली.

"पुस्तक झालं?" त्याने विचारलं.

बेचाळीस पानं होती. मंगळवारी, धर्माकाकाशी बोलून आल्यावर, चुलीत घातली. वहीत तसं लिहिलं नव्हतं. आता लिहितो.

"झालं," मी म्हटलं.

"बघ!" तो आईला म्हणाला. "बघ, झालं त्याचं." आणि मला म्हणाला, "मग चहा दे."

मी थर्मास उघडला. त्याने बशीत ओतून घेतला, दोन्ही हातांनी बशी धरून डोळे मिटून प्यायला. सेहेचाळीस दिवसांनी. रविवार धरून. त्याने रविवार वगळले नव्हते. दुसरा कप मागितला. तो ओतायला मी वाकलो तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशातलं पाकीट अर्धं बाहेर सरकलं. मी हाताने आत दाबलं.

"उजवा पण तुझ्याकडेच हं," बाबा बशीतून म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

आईने बघितलं होतं. ईस्टर झाला होता, तिचा उपास संपला होता, आज ती विचारू शकली असती. ती माझ्या खिशाकडे बघत राहिली. मग वाकली आणि बाबाच्या उजव्या पायावरची चादर नीट केली, लहान बाळाची करतात तशी, चारी बाजूंनी खोचून.